मनोऱ्यातला दोर

वसई आणि विरारच्या मधल्या बागायती पट्ट्यात आमचे चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यातून खाली लोंबणारा घंटेचा दोर 2021 च्या पावसाळ्यानंतर, मनोऱ्याच्या दुरुस्तीच्या वेळी कायमचा उतरवण्यात आला. घंटा जागेवर आहे. ती वेळेवर वाजते आणि देवाच्या कृपेने पुढेही वाजत राहील. गेला तो दोर. त्याच्यासाठी मिस्सा झाली नाही, रविवारच्या सूचनांत त्याचे नाव वाचले गेले नाही. त्याला तशी सवयही नव्हती. सारे आयुष्य तो मनोऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून उभा होता आणि चर्चला येणाऱ्या माणसांची नजर त्याच्यावर क्वचितच थांबे. पण ज्याच्या एका ओढीवर आमच्या धर्मग्रामाची चूल पेटली, नांगर थांबला, नवरी दाराबाहेर पडली आणि मयत उचलली गेली, त्याला चार शब्दांचा निरोप मिळायला हवा.

दोर म्हणजे एकच दोर नव्हे. वरचा लांब भाग नारळाच्या काथ्याचा, कारण मनोऱ्याच्या झरोक्यांतून येणारा खारा वारा काथ्या निमूट सोसतो. खालचा भाग सुताचा, कारण काथ्याने हात सोलवटतात. दोन्हींचा सांधा गाठ न मारता पेड उसवून, एकात एक विणून केलेला असे, म्हणजे मधल्या माडीच्या भोकात तो अडकत नसे. हे भोक लाकडी फळीतले, आणि दोर झिजायचा तो तिथेच. दर काही वर्षांनी तो बदलावा लागे. बदलण्याची रीत मात्र मोठी देखणी होती. जुन्याच्या खालच्या टोकाला नव्याचे टोक बांधायचे, मग घंटेपाशी उभे राहून जुना दोर वर ओढून घ्यायचा, आणि त्याच्या मागोमाग नवा कप्पीपर्यंत चढायचा. प्रत्येक दोर आपल्या वारसाला स्वतः जागेवर नेऊन बसवी आणि मगच रजा घेई. त्यामुळे आमच्या आजोबांनी ओढलेला दोर आणि आम्ही ओढलेला दोर वेगळा, असे आम्हाला कधी वाटले नाही.

या घराण्याचा इतिहास लांबचा आहे. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत किल्ल्यात आणि किल्ल्याबाहेर चर्च उभी राहिली. पापडी, सांडोर, रमेदी, नंदाखाल, आगाशी, निर्मळ ही नावे उच्चारली की वसईकराच्या डोळ्यांपुढे आजही आधी मनोरे येतात. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा उतरल्या आणि मराठी सरदारांबरोबर घाटावर गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर मेणेश्वरापुढे जी आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता कोरलेली दिसते आणि 1707 हे साल वाचता येते. वसईचा माणूस तिथे गेला की आधी हात जोडतो आणि मग हळूच त्या धातूवर तळवा ठेवतो. मीही ठेवला आहे. तो धातू आपल्या गावच्या हवेत वाजलेला आहे, एवढीच त्या स्पर्शातली भावना. ज्यांनी ती घंटा नेली त्यांनी तिला देवाच्याच दारी ठेवले आणि दोनशे ऐंशीहून अधिक वर्षे जपली, याबद्दल मन भरून येते. घंटा गेल्या, त्यांचे दोर मात्र कोणी नेल्याची नोंद नाही. ते किल्ल्यातच राहिले असतील आणि पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत मातीत मिसळले असतील. त्या ओस मनोऱ्यांखाली उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते.

आमची घंटा त्या काळानंतरची, गावातल्या चर्चची, आकाराने बेताची. चार भाग तांबे आणि एक भाग कथील या जुन्या मापाचे कांसे. दोर बांधलेला होता तो तिच्या आतल्या लोलकाला. खाली ओढ दिली की कप्पीवरून ती ओढ लोलकापर्यंत जाई आणि लोलक घंटेच्या ओठावर आदळे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नव्या माणसाच्या हातून पहिला ठोका नेहमीच ठस्स असा बसका येई, कारण तो ओढ देऊन दोर धरून ठेवी. लोलक घंटेला चिकटून राहिला की तिचा नाद तिथेच गुदमरतो, आणि असे वारंवार झाले तर कांशाला तडाही जातो. ठोका बसताक्षणी दोर ढिला सोडावा लागतो.

"ओढायला सगळ्यांना येतं रे, सोडायला शिक," असे आबा म्हणत.

आबा म्हणजे आमच्या लहानपणी घंटा वाजवणारे गृहस्थ. त्यांची केळीची वाडी होती, थोडी पानवेल होती. चर्चचे ते नोकर नव्हते. त्यांच्या वडिलांनी दोर ओढला, म्हणून त्यांनी ओढला. पहाटे साडेपाचला कंदील घेऊन ते वाडीतून निघत, चर्चच्या बाजूच्या दाराला किल्ली लावत, पायातल्या वहाणा बाहेर काढत आणि मनोऱ्याखाली जाऊन आधी दोराला हात लावून तो हात कपाळाला लावत. मग उजवा हात वर, डावा खाली, डावा पाय जरासा पुढे. पहिल्या ठोक्याआधी ते दोर नुसता ताणून पाहत. रात्रीत तो किती आखडला किंवा किती सैल झाला याचा अंदाज घ्यायचा असे. त्यांच्या तळव्यांना काथ्याने घट्टे पडले नव्हते, कारण हात सुतावर असे. सुतावर मात्र त्यांच्या हाताच्या जागी दोन गुळगुळीत, काळपट पट्टे उमटले होते. एक छातीच्या उंचीला, एक डोक्याच्या वर. आबा आजारी असले की त्यांचा मुलगा येई. तो बुटका होता, त्याचे हात त्या पट्ट्यांच्या वीतभर खाली पडत आणि घंटा वेगळी वाजे. घरात भाकरी थापणारी बाई तवा न सोडता म्हणे, "आज आबा नाहीत वाटतं."

दिवसातून तीनदा आंजेलूस, म्हणजे देवदूताच्या संदेशाच्या प्रार्थनेची घंटा, होई. पहाटे सहा, दुपारी बारा, सांजेला सात. तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन, थांबा, पुन्हा तीन, आणि मग सलग नऊ. जगभरच्या पुष्कळ कॅथलिक चर्चमध्ये हीच मोजणी आहे. 1456 साली बेलग्रेडला वेढा पडला तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारच्या घंटेचा आदेश काढला आणि त्या घंटेसरशी लोकांनी प्रार्थना करावी असे सांगितले. पाचशेहून अधिक वर्षांनी ती घंटा आमच्या गावी भाताच्या खाचरात वाकलेल्या बायकांपर्यंत पोचत होती. पण या मोजणीत जो थांबा आहे, त्याचे माप कुठल्याही आदेशात दिलेले नाही. आबांचे माप ठरलेले होते. तीन ठोके झाले की ते देवदूताच्या संदेशाची ओळ म्हणत, मग सबंध 'नमो मारिया' म्हणत, आणि आमेन झाल्यावरच पुढच्या तीन ठोक्यांसाठी हात उचलत. थांबा म्हणजे एका माणसाची एक प्रार्थना. सर्दी झाली असेल तर थांबा लांबे. दारी पाहुणे असतील तर किंचित आखूड होई. आबांच्या पत्नी गेल्या त्या आठवड्यात एकदा सांजेच्या घंटेतला दुसरा थांबा इतका लांबला की शेजारच्या आळीतून एक माणूस धावत आला. आबा दोर धरून नुसते उभे होते. त्यांना पाहून तो माणूस काही न बोलता बाजूला उभा राहिला, मग आबांनी पुढचे तीन दिले.

माझ्या मते दोराची सारी थोरवी या थांब्यांत होती. ठोका धातूचा होता, थांबा माणसाचा. आम्ही घरात ती प्रार्थना म्हणत असू तेव्हा आमचे आमेन आणि आबांचे आमेन एकाच वेळी येई, आणि लगेच घंटा वाजे. सबंध गाव एका माणसाच्या श्वासाबरोबर प्रार्थना करीत होते आणि त्या माणसाला गावाचा श्वास ठाऊक होता. सांजेची घंटा झाली की खेळ मोडून मुले घरी येत, मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागत. घंटा ऐकून शेजारच्या हिंदू घरातली आजी तुळशीपुढे दिवा लावी. तिच्या घरी घड्याळ होते, पण ते मागे पडते अशी तिची तक्रार असे आणि सातची खात्री ती आमच्या घंटेवरून करी. दुपारी बाराला रहाटाचा बैल सुटे. बैलालाही ती घंटा कळे, नवव्या ठोक्याला तो आपणहून थांबे, असे माझे वडील सांगत.

रविवारची बोली निराळी होती. मिस्सेच्या अर्धा तास आधी पहिली घंटा, पंधरा मिनिटे आधी दुसरी. "दुसरी झाली का गं?" हा प्रश्न रविवारी सकाळी ज्या घरात ऐकू येत नसे असे घर आमच्या आळीत नव्हते. आजीचे लाल लुगडे नेसून व्हायला पहिली आणि दुसरीमधला वेळ बरोबर पुरे. 1960 च्या दशकात व्हॅटिकनची दुसरी महासभा झाली, लॅटिनची मिस्सा मराठीत आली, वेदी लोकांकडे वळली. जुन्यांना काही दिवस चुकल्यासारखे वाटले, मग तेही मोठ्याने उत्तरे देऊ लागले. या सगळ्या घालमेलीत मनोऱ्याखाली काहीच बदलले नाही. पहिली अर्धा तास आधी, दुसरी पंधरा मिनिटे आधी.

दोराला स्वतःचेही वर्ष होते. आगमनकाळात, डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तो सर्वांत मोकळा असे. त्या दिवसांत पहाटेची हवा स्थिर आणि जड असते, आवाज जमिनीलगत लांबवर जातो. पहाटेची घंटा रेल्वेलाईनच्या पलीकडे ऐकू आली असे दूध घालणारे सांगत. नाताळच्या मध्यरात्री गौरवगीत सुरू झाले की आबा एकटे पुरत नसत. मनोऱ्याखाली तरुणांची रांग लागे आणि प्रत्येकाला दहा-दहा ओढी मिळत. ते ठोके एकसारखे नसत, काही बसके, काही कर्कश. त्या रात्री आबा कोणालाही टोकत नसत.

राखेच्या बुधवारपासून दोराचा हात आखडे. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागली की सणाची जलद घंटा बंद, फक्त मोजके ठोके. पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत गौरवगीताला घंटा एकदा भरभरून वाजे आणि मग दोर वर गुंडाळून खुंटीला टांगला जाई. तिथून शनिवारच्या रात्रीपर्यंत मनोऱ्यातून आवाज नाही. घंटेऐवजी लाकडी कटकटा हातात घेऊन मुले आळीआळीतून फिरत आणि लोकांना भक्तीला बोलवत. त्या दोन दिवसांत आबांची मोठी पंचाईत होई. पहाटे साडेपाचला ते सवयीने उठत, चर्चपर्यंत येत, दार उघडत आणि बाकावर बसून राहत. दुपारी बाराला शेतात कोणाला वेळ कळत नसे, माणसे उशिरा जेवत. गावाला रोज काय मिळते ते त्या दोन दिवसांत समजे. शनिवारी रात्री पास्काजागरणात, अंधारातून मेणबत्त्या पेटत पेटत वेदीपर्यंत गेल्या आणि फादरांनी गौरवगीत उचलले की आबा खुंटीवरून दोर सोडत. तो सुटून खाली पडताना जो फटका जमिनीवर बसे, तो जवळ उभ्या असलेल्या आम्हा वेदीसेवकांनाच ऐकू येई. मग घंटा.

याच दिवसांत दोराची देखभाल होई. वर्षभरातल्या मेणबत्त्यांची उरलेली थोटके आबा डब्यात साठवून ठेवत. पास्कानंतरच्या आठवड्यात ती वितळवून, कोमट मेण फडक्यावर घेऊन ते सुताच्या भागावर वीत वीत चोळत. पावसाळ्याआधी मेण मुरले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. वेदीवर जळलेल्या मेणाचा शेवट दोरावर होई, आणि उन्हाळ्यात मनोऱ्याखाली गेले की मेणाचा मंद वास येई. मे महिन्यात दोर सैल पडून टोक फरशीला टेके. आबा खाली एक गाठ मारून तो उचलत.

जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तो आखडू लागे. मेण असूनही दमट हवा आत शिरे आणि जुलैत दोर चांगला हातभर वर जाई. मेमध्ये मारलेली गाठ आता सोडावी लागे. वजनही वाढे. लावणीच्या दिवसांत पावसाचा आवाज इतका असे की बाराची घंटा खाचरापर्यंत जाईल याची शाश्वती नसे. आबा मनोऱ्याच्या दारात उभे राहून पाऊस किंचित उघडण्याची वाट पाहत. कधी बाराचे सव्वाबारा होत. त्या उशिराबद्दल कोणी त्यांना विचारले नाही. घंटा वेळेवर वाजण्यापेक्षा ती वाकलेल्या पाठींपर्यंत पोचणे त्यांना महत्त्वाचे वाटे, आणि मला आजही त्यांचेच म्हणणे पटते.

8 सप्टेंबर मारियामातेचा जन्मदिन. नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर येत, आशीर्वादित होत आणि घरोघरी देवघरात टांगल्या जात. आबा त्यांतली एक लोंबी दोराच्या वरच्या पट्ट्यापाशी खोचत. पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती तिथेच सुकत राही. ऑक्टोबरात जपमाळेचा महिना, संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी भक्ती. नोव्हेंबरची 2 तारीख मृतांची. त्या दिवशी कबरी धुऊन, फुले वाहून, मेणबत्त्या लावून झाल्या की सांजेला घंटा अगदी सावकाश वाजे. दोन ठोक्यांच्या मधे पहिल्याचा नाद पुरता विरू द्यायचा, असा नियम होता.

मरणाच्या घंटेविषयी थोडे थांबून लिहायला हवे. फोन नव्हते तेव्हा गावात कोणी गेले की घरचा माणूस आधी चर्चकडे येई. निरोप आबांना मिळे आणि आबांकडून दोराला. ठोक्यांच्या मांडणीवरून पुरुष गेला की बाई, हे ऐकणाराला कळे. नाव कळायला वेळ लागे. पण तेवढ्यात शेतातला माणूस टोपी काढून उभा राही, बाजाराला निघालेली बाई पाटी खाली ठेवी, आणि कोणाच्या घरी माणूस आजारी होते याचा विचार करीत दोघे एका मृतात्म्यासाठी प्रार्थना म्हणत. नाव कळण्याआधी प्रार्थना होऊन जाई. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

लहान मूल गेले तर मात्र शोकाची घंटा वाजत नसे. पोर्तुगीज वळणाची ती जुनी रीत. बाप्तिस्मा झालेले अजाण लेकरू थेट स्वर्गात जाते, म्हणून त्याच्यासाठी सणाची जलद घंटा वाजवायची. परक्या माणसाला ती ऐकून गावात लग्न आहे असे वाटावे. गावाला मात्र दिवस कोणता आणि वेळ कोणती यावरून क्षणात उमजे. वेदीसेवक असताना मी एकदा त्या वेळी मनोऱ्याखाली होतो. आबा नेहमी दाराकडे तोंड करून उभे राहत. त्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली, कपाळ भिंतीला टेकवले आणि दोर दोन्ही हातांनी एकाच ठिकाणी धरून भराभर ओढला, सोडला, ओढला, सोडला. एकही ठोका बसका पडला नाही. संपल्यावर त्यांनी दोर हलायचा थांबेपर्यंत मुठीत धरून ठेवला. मग मला म्हणाले, "जा, घरी जा."

आबा गेले तेव्हा त्यांची घंटा त्यांच्या मुलाने वाजवली. वीतभर खालच्या जागी हात धरून.

पुढच्या काळात गाव बदलले, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून बदलले नाही. मुले शिकली, त्यांना चांगल्या नोकऱ्या लागल्या. पहाटे साडेपाचला गावातली तरुण माणसे स्टेशनच्या वाटेवर असत, कारण त्यानंतरच्या चर्चगेट गाडीत पाय ठेवायला जागा नसे. 2009 साली महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, त्यांत लांबून आलेली कुटुंबे राहू लागली, आणि त्यांतली पुष्कळ आज आमच्या गायनमंडळात आहेत. आबांचा मुलगा साठीला आला. खांदा दुखू लागला तरी तो वर्षभर कोणाला बोलला नाही. धर्मग्रामाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमताने विजेवर चालणारा हातोडा बसवायचे ठरवले. त्याला विश्रांती द्यायची होती, हे एकच कारण पुरेसे होते. यंत्र चांगले आहे. ते घंटेला बाहेरून ठोका देते आणि लगेच मागे सरते, त्यामुळे नाद स्वच्छ येतो. यंत्राच्या पेटीत घड्याळ आहे. सहा म्हणजे सहा. ते बसवणाऱ्या कारागिराने आंजेलूसची मोजणी विचारून घेतली, तीन, तीन, तीन आणि नऊ, आणि मधला थांबा किती सेकंद ठेवू असे विचारले. आबांचा मुलगा तिथे उभा होता. त्याने डोळे मिटून 'नमो मारिया' म्हटली, कारागिराने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि तो आकडा पेटीत भरला. आज रोज तीनदा वाजणाऱ्या घंटेत जो थांबा आहे तो त्याच्या त्या एका प्रार्थनेएवढा आहे.

पेटीत चार मांडण्या आहेत. आंजेलूस, मिस्सा, सण आणि मयत. लेकरांची वेगळी मांडणी भरलेली नाही. यंत्र आल्यापासून आमच्या धर्मग्रामात तिची गरज पडलेली नाही, हे देवाचे उपकार.

दोर काही वर्षे तसाच राहिला, यंत्राच्या शेजारी, लोलकाला बांधलेला. मग 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. केळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, वसई अंधारात गेली. करोनामुळे चर्चची दारे आधीच बंद होती. दुसऱ्या दिवशी सहाला घंटा वाजली नाही. बाराला वाजली. आबांची नात, जी त्या वेळी कॉलेजात होती, मास्क लावून बाजूच्या दाराने आत गेली होती. तिला वडिलांनी घरीच, ओट्याच्या कठड्याला दोरी बांधून, ओढ आणि सोड शिकवली होती. पहिला ठोका बसका आला, दुसरा बरा, तिसऱ्यापासून नीट. वीज येईपर्यंत ती रोज तीनदा गेली. वादळाने मोडलेल्या वाड्यांत माणसे झाडे उचलत होती आणि वरून ती घंटा येत होती. दोराची ती शेवटची सेवा.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर मनोऱ्याची तुळई बदलावी लागली. वादळाने झरोका फुटून पाणी आत गेले होते आणि दोर माडीच्या भोकापाशी अर्ध्याहून अधिक तुटला होता. तो उतरवताना या वेळी त्याच्या टोकाला दुसरा दोर बांधला नाही. आबांच्या मुलाने कप्पीपाशी गाठ सोडली, आणि खाली त्याच्या लेकीने तो वेटोळे करत हातात घेतला. वरच्या पट्ट्यापाशी एक सुकलेली लोंबी अजून खोचलेली होती. ती तिने घरी नेली.

काथ्याचा भाग कुजला होता, तो चर्चमागच्या नारळांच्या आळ्यात पुरला. सुताचा भाग चांगला निघाला. मेणाने तो इतका मुरलेला होता की एक पेडही सुटलेला नव्हता. आमच्या धर्मग्रामाच्या वार्षिक क्रीडादिनी तो आता मुलांच्या रस्सीखेचीला वापरतात. मोठ्यांसाठी तो आखूड पडतो, पण तिसरी-चौथीची चार मुले इकडे आणि चार तिकडे एवढी लांबी त्याला आहे. पकडायला तो उत्तम आहे, हात घसरत नाहीत, आणि गेल्या खेपेला मुलींनी मुलांना दोन्ही फेऱ्यांत ओढून नेले.